ओपन डोअर, बंद लिफ्ट

४ फेब्रुवारी

आजपासून रोज लिहायचं. राग कागदावर काढला की ब्लडप्रेशर उतरतं, असं मेहुणा म्हणतो. बघू.

थोरले साहेब एप्रिलअखेर रिटायर होणार. सर्व्हिस विभागाचे प्रमुख. आमची कंपनी लिफ्ट बसवते. बसवलेली लिफ्ट बंद पडते, ती आमचा विभाग चालू करतो. म्हणजे माणसं करतात, मी करवून घेतो. थोरल्या साहेबांच्या शेजारचं केबिन माझं. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न विचारायची कुणाला गरजच नव्हती. टेबल कुठे ठेवायचं तेही माझं ठरलं होतं. खिडकीकडे पाठ. येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड पडला पाहिजे.

आज डायरेक्टरबाईंनी बोलावलं. पदाची जाहिरात देणार म्हणे. आतल्या-बाहेरच्या सगळ्यांनी अर्ज करावा. मुलाखती होतील. आणि मला म्हणाल्या, तुम्हीसुद्धा जरूर करा हं.

जरूर! भांडी घासून झाल्यावर दारातल्या पाहुण्याला 'जेवूनच जा' म्हणतात ना, अगदी त्या सुरात.

घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हणाली, अहो, मग करा की अर्ज. मीही मुख्याध्यापिका झाले तेव्हा मुलाखत दिलीच होती.

शाळेची गोष्ट वेगळी. तिथे कुणी अधांतरी लटकत नाही.

५ फेब्रुवारी

अर्ज करायचा नाही. स्वाभिमान.

६ फेब्रुवारी

अर्ज केला. बाहेरचा कुणी उपटसुंभ येऊन बसला तर विभागाचं वाटोळं होईल. विभागासाठी केला.

मेहुणा जेवायला होता. तो हल्ली करिअर कोच आहे. आधी विम्यात होता, मग टाइल्समध्ये, मग बरेच दिवस विचारात होता. म्हणाला, भाऊजी, तुमच्यात ज्ञान आहे, पण प्रेझेन्स नाही. लीडर कमी बोलतो. वाक्याच्या मध्ये थांबतो. त्या थांबण्यातच वजन असतं.

बायको म्हणाली, हे आधीच जेवताना कमी थांबतात, आता बोलताना थांबू देत.

दोघं भावंडं खिदळली. या घरात माझ्या करिअरकडे गांभीर्याने बघणारा मी एकटाच.

९ फेब्रुवारी

सकाळच्या मीटिंगमध्ये पॉज घेतला. म्हणालो, या महिन्यात आपल्याला... आणि थांबलो. सगळ्यांकडे बघितलं. एकेकाच्या डोळ्यांत. वजन वाढतंय हे जाणवत होतं.

थोरल्या साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. घाबरून विचारलं, छातीत दुखतंय का?

कुणीतरी पंखा मोठा केला. मग पुढचं वाक्य काय होतं तेच आठवेना. गाढवांच्या मीटिंगमध्ये पॉज घेऊ नये.

१३ फेब्रुवारी

मेहुण्याचा नवा सल्ला: ओपन डोअर पॉलिसी. म्हणजे साहेबाचं दार सगळ्यांसाठी उघडं. डायरेक्टर लोकांना हे फार आवडतं म्हणे.

उघडं दार कुणीही ठेवतो. मी सुताराला बोलावून दारच काढून घेतलं. बिजागऱ्यांसकट. डायरेक्टरबाई जाताना थबकल्या. म्हणाल्या, वाळवी लागली का?

मी समजावलं. त्या 'अच्छा' म्हणाल्या आणि बराच वेळ चौकटीकडे बघत राहिल्या. इम्प्रेस झाल्या असणार.

१६ फेब्रुवारी

दार नसल्याचा त्रास होतोय. एसीची हवा सगळी बाहेर. आमच्या कम्प्लेंट डेस्कवरच्या पोरी फोनवर काय बोलतात ते सगळं आत. दुपारी जेवल्यावर डोळे मिटून विचार करायची माझी पद्धत आहे, तर समोरून जाणारा शिपाई म्हणतो, सर झोपलेत, नंतर या.

आणि आज तर हद्द झाली. मेहुण्याला फोनवर सांगत होतो की, डायरेक्टरबाई म्हणजे उंटावरच्या शहाण्या, आयुष्यात कधी लिफ्टचा नट आवळलाय का. फोन ठेवला आणि बाहेर बघितलं. सगळ्या पोरी स्क्रीनमध्ये तोंड खुपसून. चौकटीत एचआरबाई उभ्या. हातात फाइल. म्हणाल्या, दार नव्हतं म्हणून वाजवता आलं नाही.

दुसऱ्याचं बोलणं उभं राहून ऐकायचं! संस्कार नावाची चीज राहिली नाही.

१७ फेब्रुवारी

सुताराला फोन केला. म्हणाला, ते दार दुसऱ्या गिऱ्हाइकाला लागून गेलं, तुम्हीच म्हणालात नको म्हणून. चोर लेकाचा.

२० फेब्रुवारी

फीडबॅक घेतला. चांगल्या लीडरला टीका झेपते. डेस्कवर खोका ठेवला, चिठ्ठ्या टाका, नाव लिहू नका म्हणून सांगितलं.

दुपारी खोका उघडला. एक चिठ्ठी: दार बसवा. दुसरी: माझी रजा मंजूर करा (यावर नाव होतं). तिसरी कोरी. चौथी: सर, तुम्ही ओरडता तेव्हा पुढचं काही ऐकू येत नाही, म्हणून काम चुकतं, मग तुम्ही परत ओरडता.

तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना उभं केलं. विचारलं, कुणी लिहिलं हे? मी ओरडतो? मी कधी ओरडतो?

वरच्या मजल्यावरून अकाउंट्सवाले जिन्यात डोकावले. त्यांना नसत्या चौकशा फार.

अक्षरं ताडून पाहिली. सगळ्यांचंच अक्षर घाणेरडं. तपास थांबवला.

२४ फेब्रुवारी

आज भलतंच कळलं. चिमणीने अर्ज केलाय.

चिमणी म्हणजे आमची ज्युनिअर इंजिनिअर. आवाज एवढासा, म्हणून मी नाव ठेवलं. आता सगळेच म्हणतात. गेल्या वर्षी भर मीटिंगमध्ये डायरेक्टरबाईंसमोर तिने मला दुरुस्त केलं होतं. मी म्हणालो स्टॉकमध्ये दोर भरपूर आहेत. ही म्हणाली, सर, ते जुन्या साइजचे आहेत, कुठल्याच लिफ्टला लागणार नाहीत. त्याच चिवचिवाटात.

दुसऱ्याच दिवशी मी तिला ऑफिसातून उचलून फील्डवर टाकली. मिस्त्रींबरोबर जा, शाफ्टमध्ये उतर, ग्रीस पूस. वाटलं, आठवड्यात रडत येईल नाहीतर नोकरी सोडेल. ती महिनोन्महिने तिकडेच. मिस्त्री लोक आता तिला विचारल्याशिवाय पाना उचलत नाहीत. सोसायट्यांचे लोक फोन करून म्हणतात, त्या बाईंना पाठवा.

आणि आता ही माझ्यासमोर उभी! उपकाराची फेड ही अशी.

तिला बोलावलं. शांतपणे सांगितलं की अर्ज करणं तुझा हक्क आहे, पण घाई बरी नव्हे, लीडरशिपला वय लागतं. ती म्हणाली, हो सर. मी म्हणालो, मग मागे घेतेस ना? ती म्हणाली, नाही सर.

दोन्ही वेळा 'सर' म्हणाली. उद्धट.

३ मार्च

ऐतिहासिक दिवस. आज मी क्रायसिस हाताळला.

सकाळी फोन आला. एका जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आत एक रिटायर्ड हेडमास्तर. मेहुणा म्हणतोच, लीडर संकटात पुढे दिसला पाहिजे. मिस्त्रीला चिमणीसह यायला सांगितलं आणि मी स्वतः गाडी काढली. त्यांच्या आधी पोचलो.

जिन्यात ही गर्दी. शेजारीपाजारी, हेडमास्तरांची सून, एक भुंकणारं कुत्रं. मी पुढे झालो. दाराच्या फटीतून आवाज दिला. आजोबा, घाबरू नका, मी सर्व्हिस विभागाचा... आणि पॉज घेतला. आतून आवाज आला, विभागाचा काय? बोला की पुढे!

म्हणालो, दीर्घ श्वास घ्या. ते म्हणाले, घेतोय, पासष्ट साली चालू केला तो अजून थांबवलेला नाही. म्हणालो, या प्रसंगाकडे संधी म्हणून बघा. ते म्हणाले, कसली संधी? मी म्हणालो, शांत बसण्याची. तर आत काठी आपटली त्यांनी. म्हणाले, बाबा रे, तू चांगल्या घरचा दिसतोस. तू असं कर, बाजूला हो आणि ज्याला काम येतं त्याला पाठव.

गर्दी हसली. कुत्रंही थांबलं.

माझाही संयम आहे. मी दाराला हात घालून ओढलं. काही हललं नाही, उलट आतला दिवा गेला. सून किंचाळली. मी तिच्यावर ओरडलो. कुत्र्याने माझी पॅन्ट धरली.

एवढ्यात चिमणी आली. एक अक्षर न बोलता मिस्त्रीला वर मशीनरूममध्ये पाठवलं, स्वतः फटीजवळ बसली. म्हणाली, सर, मी इथेच आहे. आधी वीज बंद करतील, मग हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली घेतील. थोडे धक्के बसतील. कठड्याला धरा. (ती त्यांनाही सर म्हणते. म्हणजे त्या शब्दाला काही किंमतच नाही.) हेडमास्तर म्हणाले, धरला. लिफ्ट हळूहळू मजल्याला लागली, तिने किल्लीने दार उघडलं, म्हातारा बाहेर.

उत्तम टीमवर्क. मी वातावरण तयार केलं, तिने दार उघडलं.

हेडमास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, पॅन्ट शिवून घ्या.

११ मार्च

उद्या मुलाखत. आरशासमोर सराव केला. मेहुणा म्हणाला, आतापासूनच स्वतःला प्रमुख समजा. बायको म्हणाली, आतापासून म्हणजे? मग इतके दिवस काय समजत होते?

१२ मार्च

जिंकलो!

पॅनेलवर डायरेक्टरबाई, एचआरबाई आणि बाहेरचे एक टक्कलवाले सल्लागार. ओपन डोअरबद्दल बोललो. एचआरबाईंनी मान हलवली, म्हणाल्या, हो, मी अनुभवलंय. फीडबॅकबद्दल बोललो. क्रायसिसबद्दल सविस्तर बोललो, पॅन्ट वगळून.

मग टक्कलवाल्यांनी विचारलं, प्रमुखाचं खरं काम माणसं घडवणं. तुम्ही कुणाला घडवलंत? एक नाव सांगा.

इथे साधा माणूस गडबडला असता. मीही जरा गडबडलो. डेस्कवरच्या पोरींची तोंडं आठवली, एकीचंही नाव घेण्यासारखं नाही. आणि मग विजेसारखं सुचलं. चिमणी!

म्हणालो, आमच्या ज्युनिअर इंजिनिअरबाई. आल्या तेव्हा खुर्चीत बसून कागद रंगवत होत्या. मीच ओळखलं की हे पाणी वेगळं आहे. ऑफिसातून काढून मुद्दाम फील्डवर पाठवलं. कुणी पाठवत नाही हो बायकांना शाफ्टमध्ये, मी पाठवलं. आज मिस्त्री तिच्या शब्दाबाहेर नाहीत, ग्राहक तिचं नाव घेऊन बोलावतात. परवाचा हेडमास्तर तर आपल्या सुनेचं ऐकत नव्हता, हिचं ऐकलं. शांत डोकं, कामाची जाण, माणसं सांभाळायची हातोटी. मी असताना नसताना विभाग चालवेल.

तिघंही भराभर लिहीत होते. टक्कलवाले म्हणाले, इतकं मोकळेपणाने सहकाऱ्याबद्दल बोलणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला. डायरेक्टरबाईंनी उठून हात मिळवला. उठून!

येताना नव्या केबिनसाठी पडद्याचं कापड बघितलं. निळं.

२० मार्च

चिमणीला दिलं.

२१ मार्च

काल पुढे लिहवलंच नाही.

डायरेक्टरबाईंनी आधी मला बोलावून सांगितलं. म्हणाल्या, आमचं एकमत होत नव्हतं, ती लहान आहे, लोक ऐकतील का अशी शंका होती. पण तुम्ही तिच्याबद्दल इतकं ठामपणे बोललात की प्रश्नच मिटला. खरंच, मन मोठं लागतं याला.

माझं मन! माझं मन कुणी विचारलं? मी तिची स्तुती करत होतो का? मी माझी करत होतो! एवढं साधं मराठी कळत नाही आणि कंपन्या चालवतात!

बायकोला सांगितलं. तिने जेवण वाढता वाढता ऐकलं. मग म्हणाली, अहो, पण तुम्ही म्हणालात ते खरं होतं ना? मी म्हणालो, खरं असायचा प्रश्न कुठे येतो? मुलाखत होती ती!

ताट सारून उठलो. नंतर भूक लागली, पण आता परत जाऊन मागणार कोण.

२ एप्रिल

राजीनामा लिहिला. जळजळीत. मेहुणा म्हणाला, टाका भाऊजी, मार्केट तुमची वाट बघतंय. बायकोने त्याला विचारलं, तुझी वाट बघून थकलं का ते? तो लवकर घरी गेला.

३ मे

थोरले साहेब रिटायर झाले. चिमणी त्यांच्या केबिनमध्ये बसली. टेबल तिने भिंतीला लावलंय, येणारा आणि ती एकाच बाजूला बसतात. हसं करून घेणार स्वतःचं.

उद्या राजीनामा. तोंडावर फेकायचा.

४ मे

गेलो. लिफाफा हातात. मनात सगळं जुळवलेलं: तुझ्यासारख्या कालच्या पोरीच्या हाताखाली... वगैरे. ती फोनवर होती. समोरचा एवढा ओरडत होता की मला दारातून ऐकू येत होतं. एका सोसायटीचा सेक्रेटरी. तिला, बाई, तुला काय कळतं, घरी बस, असलं काय काय बोलत होता. ती आपली, हो सर, बघते सर. फोन ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी.

म्हणाली, सर, काम मी करेन हो. पण या माणसाने वर्षाचं मेंटेनन्स थकवलंय आणि वर रोज शिव्या देतो. मला नाही असं बोलता येत. तुम्ही बोलाल का?

माझ्या डोळ्यांसमोर वीस मार्च आला. बारा मार्च आला. तो निळा पडदा आला. मी फोन ओढून तोच नंबर लावला.

काय बोललो आठवत नाही. उभा होतो एवढं आठवतं. दीड महिना जे जे साठलं होतं ते सगळं त्या सेक्रेटरीच्या कानात ओतलं. कालची पोर कुणाला म्हणतोस? बारा मजले दोराला लटकून ग्रीस पुसलंय तिने, तू कधी स्वतःच्या घरातला बल्ब बदललायस का? असं बरंच. शेवटी तो म्हणाला, साहेब, चेक पाठवतो, पण जरा हळू बोला.

फोन ठेवला. बाहेर डेस्कवर टाळ्या. मला! डेस्कवाल्यांनी!

चिमणी म्हणाली, सर, हे काम या विभागात फक्त तुम्हालाच जमतं.

लिफाफा खिशात राहिला. घाई कशाला.

१० मे

माझं नवं पद: प्रमुख, विशेष तक्रार निवारण. स्वतंत्र फोन. मेहुण्याला कळवलं की याला व्हर्टिकल म्हणतात, म्हणजे कंपनीतली स्वतंत्र शाखा.

२८ मे

एका दिवसात तीन सेक्रेटरी आणि एक बिल्डर. बिल्डर चांगला होता, बराच वेळ टिकला. घसा बसलाय. बायको म्हणते, हल्ली घरी किती शांत असता तुम्ही. घरी ओरडायला उरतंच कुठे!

डेस्कवरच्या पोरी अवघड गिऱ्हाईक आलं की म्हणतात, थांबा हं, सरांना देते. समोरचा तिथेच नरमतो. याला म्हणतात प्रेझेन्स.

२० जून

फोन कमी झालेत. सुट्ट्यांमुळे असेल.

चिमणीने मिस्त्रींचे एरिया वाटून दिलेत. बंद पडायच्या आधीच जाऊन तपासतात. नवे दोर मागवले. नसता उत्साह.

६ जुलै

आठवड्यात एकच फोन. तोही चुकून लागलेला. त्याच्यावरही ओरडलो, पण मजा नाही आली. तो बिचारा दंतवैद्याला शोधत होता.

१५ जुलै

चिमणीच्या केबिनमध्ये गेलो. विचारलं, तक्रारी माझ्यापासून लपवल्या जातायत का? ती म्हणाली, नाही सर, नाहीचेत. आणि खूश होऊन हसली. म्हणाली, गेल्या महिन्यात एकही लिफ्ट बंद पडली नाही.

एकही नाही! एवढी मोठी कंपनी, आणि एकही नाही! मी काय करायचं? मी बसून करायचं काय, याचा विचार कोण करणार? हे असलं मॅनेजमेंट!

२२ जुलै

सकाळपासून फोनसमोर बसलो. रिसीव्हर उचलून पाहिला, चालू आहे.

दुपारी स्वतःच एका सोसायटीच्या सेक्रेटरीला लावला. तो पूर्वी फार तापट होता. विचारलं, काही तक्रार?

म्हणाला, नाही हो. छान चाललंय.

म्हणालो, आवाज येतो का? धक्का बसतो? दार अडकतं?

म्हणाला, काहीच नाही.

म्हणालो, नीट आठवून बघा.

त्याने आठवून बघितलं. मग म्हणाला, साहेब, तुम्ही बरे आहात ना? आणि फार प्रेमाने फोन ठेवला.